मढवीकाका कॉलेज बघतात

आमच्या बिल्डिंगमधले मढवीकाका कुठल्याही कॉलेजची परीक्षा तिथल्या संडासावरून घेतात.

"मास्तर लोक सगळीकडं सारखेच," ते म्हणतात. "एक शिकवतो, बाकीचे सही करतात. पोरगं तिथं तीन-चार वर्षं काढनार हाय, तर आधी संडासला पानी हाय का ते बघ."

संडास पास झाला की मग पिण्याचं पाणी. नळाखाली हात धरून ओंजळभर पितात, क्षणभर डोळे मिटतात आणि "हां" किंवा "न्हाय" म्हणतात. त्यानंतर कँटीनचा चहा आणि सगळ्यात शेवटी शिपाई. शिपायाला ते बाजूला घेऊन विचारतात, "साहेब वरडतात का?" कॉलेजने छापलेल्या रंगीत पुस्तकाला ते हातही लावत नाहीत. पुस्तक बघून ॲडमिशन घेणं म्हणजे फोटो बघून लगीन करणं, असं त्यांचं मत.

काकांना कोणी हे काम दिलेलं नाही. ते मूळचे दिघाशी गावचे. तरुणपणी भिवंडीत आले आणि सायझिंगमध्ये लागले. लूमवर चढवायच्या आधी सुताला खळ लावतात, तो कारखाना. तिथे शिफ्ट सांभाळता सांभाळता रिटायर झाले. सगळं आयुष्य मशीनच्या आवाजात गेल्यामुळे त्यांची कुजबूजसुद्धा गच्चीपर्यंत ऐकू येते. त्यामुळे "चहा पानचट हाय" असं ते माझ्या कानात सांगतात तेव्हा कँटीनवाला तिकडून बघायला लागतो.

निकालाच्या दिवसांत काकांना भलताच उत्साह येतो. मात्र ज्या घरी पेढे वाटले जातात त्या घरी ते जात नाहीत. पेढा घरपोच आला तर खातात, पण जात नाहीत. "तिथं माझं काय काम?" म्हणतात. ज्या घराचं दार दिवसभर बंद, आतून टीव्हीचा आवाज नाही, त्या घराची बेल वाजवतात. मार्क किती पडले हे कधीच विचारत नाहीत. एवढंच म्हणतात, "चल, कॉलेज बघून येऊ."

आमच्या खालच्या अन्सारींच्या जुबेरला हवी ती इंजिनीअरिंगची शाखा मिळाली नव्हती. पोरगा दोन दिवस गच्चीवर टाकीमागे जाऊन बसायचा. काका त्याला स्कूटरवर घालून एका डिप्लोमाच्या कॉलेजात घेऊन गेले. व्हरांड्यात एक साधासा माणूस कुंड्यांना पाणी घालत होता. काकांनी त्याच्या खांद्यावर हात टाकून विचारलं, "भाई, इधर का साहब चिल्लाता है क्या?" तो म्हणाला, "कभी कभी." काकांनी खोदून खोदून विचारलं, कशावरून चिल्लाता है, फीवरून की हजेरीवरून. त्यानेही नीट सगळं सांगितलं. नंतर केबिनमध्ये गेले तर खुर्चीत तोच माणूस. प्रिन्सिपॉल! जुबेर आजही ही गोष्ट सांगताना हसून खाली बसतो. ॲडमिशन त्याने तिथेच घेतली.

काका नेहमीच बरोबर असतात असं मुळीच नाही. एका मुलीला त्यांनी चांगल्या कॉलेजातून परत आणलं, कारण समोशाबरोबर चटणी नव्हती. दुसरं कॉलेज पसंत केलं, तिथे चटणी होती. पुढच्या वर्षी तो पहिला कँटीनवाला दुसऱ्या कॉलेजात आला. काकांनी हे मनाला फार लावून घेतलं होतं.

त्यांचं आणखी एक म्हणणं आहे. लग्नाला गेले की ते कधीच पहिल्या पंगतीला बसत नाहीत. "शेवटच्या पंगतीला बसावं. घाई न्हाय, ढकलाढकली न्हाय, आचारी सोता येऊन वाढतो." गुलाबजाम संपलेले असतात हे कोणी लक्षात आणून दिलं, तर म्हणतात, "मग काय झालं? वरन-भात काय टाकून दिलेला असतो?" ॲडमिशनच्या शेवटच्या राउंडला बसलेल्या प्रत्येक पोराने हे वाक्य ऐकलेलं आहे.

मलाही हे सगळं गमतीचं वाटायचं. मग आमच्या घराचं दार बंद झालं.

सायली आमची एकुलती मुलगी. आठवीपासून तिला डॉक्टर व्हायचं होतं. निदान आम्ही सगळे तसं म्हणत होतो. बारावीबरोबर नीटचा क्लास, पहाटे उठणं, सणवार बंद. कशेळीच्या ज्या गोदामात मी डिस्पॅच बघतो, तिथले ड्रायव्हरसुद्धा मला विचारायचे, "डॉक्टरनी कैसी है?" निकाल लागला तेव्हा मार्क वाईट नव्हते. तेच जास्त वाईट. एमबीबीएसची यादी दारातून बघता येईल इतके जवळ, पण आत शिरता येणार नाही इतके लांब. पहिला राउंड गेला, दुसरा गेला. प्रत्येक वेळी सायली मोबाइल उघडायची, बघायची आणि पालथा घालून ठेवायची.

घरात तीन मतं झाली. माझं म्हणणं, एक वर्ष थांबून परत परीक्षा द्यावी. माझी बायको स्मिता शाळेत शिकवते, तिचं म्हणणं, आयुर्वेद घ्यावं, नावामागे डॉक्टर तर लागेल. सायलीचं मत काय हे कळायला मार्ग नव्हता, कारण ती बोलतच नव्हती. जेवायला यायची, भाताची कड मोडायची आणि उठायची. कचरा टाकायला खाली जाणंही तिने सोडलं, कारण जिन्यात कोणी ना कोणी विचारायचंच, "मग, कुठे मिळालं?"

एका सकाळी बेल वाजली. दारात मढवीकाका, हातात दोन हेल्मेटं.

"सायले, मला एक कॉलेज बघायला जायचंय. चल."

आतून आवाज आला, "काका, मला कुठेच जायचं नाही."

"तुला कोन बोलतंय? मला जायचंय. पन म्हाताऱ्याला वॉचमन आत सोडत न्हाय. बरोबर पोरगी असली म्हंजे सोडतो. तू नुसती गेटापर्यंत ये."

स्मिताने माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे. मग दार उघडलं आणि सायली विस्कटलेल्या वेणीने बाहेर आली. "गेटापर्यंतच," ती म्हणाली.

संध्याकाळी दोघं परतली ती भांडत. ते आयुर्वेदाचं कॉलेज होतं. काकांना फार पसंत पडलं होतं. पाणी थंड, संडास लख्ख, कँटीनमध्ये मिसळ. काकांनी तिथल्या एका वैद्यांना नाडी दाखवली, त्यांनी मिसळ बंद करायला सांगितली.

"तरी काकांनी परत जाऊन दुसरी प्लेट खाल्ली!" सायली म्हणाली आणि हसली. किती दिवसांनी. स्मिता कणीक मळत होती. तिचे हात तसेच परातीत थांबले.

"मग, ते कॉलेज आवडलं का?" मी लगेच विचारलं.

सायलीचं हसू गेलं. "माहीत नाही," म्हणाली आणि आत गेली. काका माझ्याकडे बघून नुसते मान हलवत राहिले.

मग रोजचंच झालं. काका आणि सायली स्कूटरवरून कुठे कुठे जायची. नर्सिंगचं कॉलेज, फार्मसीचं कॉलेज, कुठलंतरी प्रयोगशाळेचं. मुलींच्या संडासाची पाहणी सायलीकडे होती. ती बाहेर येऊन रिपोर्ट द्यायची आणि काका "लिंबू ठेवलंय का वासाला?" असले प्रश्न विचारायचे. एका ठिकाणी वॉचमनने अडवलं, "आप इनके कौन?" काका म्हणाले, "मैं जाँचवाला." त्याने घाबरून सलाम ठोकला.

हळूहळू सायली जेवायला लागली. भिवंडीच्या रस्त्यांवरून काकांच्या स्कूटरवर दिवसभर फिरलं की कोणालाही भूक लागते.

असंच एकदा दोघं ठाण्याच्या पलीकडे फिजिओथेरपीच्या एका कॉलेजात गेली. काका त्याला "फिजूथेरपी" म्हणतात. त्या दिवशी माझी सुट्टी होती, म्हणून गाडी काढून मीही गेलो. कॉलेजला लागून हॉस्पिटल होतं. काका आपल्या तपासणीला गेले आणि सायली व्हरांड्यातून एका मोठ्या खोलीत डोकावली. मी तिच्या मागे उभा होतो.

आत लाकडाचा लहानसा जिना होता. कुठेही न जाणारा, नुसता चढायचा आणि उतरायचा. अर्धांगवायू झालेले एक आजोबा कठडा धरून त्यावर उभे होते. सायलीपेक्षा थोडीच मोठी अशी एक विद्यार्थिनी त्यांच्या बाजूला होती. आजोबांचा उजवा पाय उचलला जात नव्हता.

"न्हाय जमत, बाय," ते म्हणाले.

"काल जमलं होतं आजोबा. मी बघितलंय. खोटं बोलू नका."

आजोबा हसले. मग त्यांनी दात आवळले, मान थरथरली आणि पाय वर आला. ती मुलगी टाळ्याबिळ्या वाजवत बसली नाही. "आता डावा," म्हणाली.

सायली तिथून हलेचना. आजोबांचं झाल्यावर ती सरळ आत गेली आणि त्या मुलीला विचारलं, "कालपेक्षा आज कमी जमलं तर काय करता?" इतक्या आठवड्यांत तिने आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न. ती मुलगी टेबलाला टेकून तिला काहीतरी सांगायला लागली. मी व्हरांड्यात आलो.

तेवढ्यात काका आले. चेहरा पडलेला.

"चला. हे कॉलेज न्हाय."

"का हो?"

"चहा म्हंजे गरम पानी. आनि संडासला कडीच न्हाय. मानूस आत बसनार का दार धरनार?"

घरी येईपर्यंत ते कडीबद्दलच बोलत होते. रात्रीची जेवणं व्हायच्या आत आमच्या बैठकीत सभा भरली. शेवटच्या राउंडचे पर्याय भरायचे होते. मी परत एकदा माझं म्हणणं मांडलं. "सायली, एका वर्षाने असं काय होतं? एकच तर वर्ष."

"बाबा, तुम्हाला ते एक वर्ष वाटतं. मला त्यातली रोजची सकाळ आठवते," ती म्हणाली. "मला परत नाही द्यायची परीक्षा. मी फिजिओथेरपीला जाणार."

स्मिता काही बोलणार, तेवढ्यात कोपऱ्यातल्या खुर्चीतून काका ओरडले. म्हणजे ते हळूच बोलले.

"सायले, मी सांगतो, ते कॉलेज चांगलं न्हाय! आयुर्वेदवालं घे. कडी बघितलीस ना तू?"

"कडी बसवता येते काका!" सायली उभी राहिली. "तुम्ही कडी बघत बसलात. त्या आजोबांचा पाय वर आला, तो तुम्ही बघितलाच नाही. मला ते करायचंय. बाहेरचा चहा कसा का असेना!"

मी आणि स्मिता थक्क होऊन बघत होतो. निकाल लागल्यापासून तिचा आवाज आम्ही असा ऐकला नव्हता. माझं ते एक वर्ष तिथेच संपलं. स्मिताने पुढे होऊन लॅपटॉप तिच्यासमोर ठेवला.

काका मात्र उठले, हेल्मेटं उचलली आणि वर आपल्या घरी गेले.

सायलीला तीच सीट मिळाली. कॉलेज लांब, म्हणून हॉस्टेलही घेतलं. बादली, गादी, पांढरा कोट, खरेदी सुरू झाली. आमच्याकडे पेढे आले. काकांकडे मी स्वतः नेऊन दिले, तर त्यांनी "ठेव तिथं" म्हणून पेपर वर धरला. रोज आमच्याकडे येणारा माणूस जिन्यात दिसेनासा झाला.

मला वाटलं, पोरीने उलट उत्तर दिलं त्याचा राग आला असणार. निघायच्या आदल्या दिवशी मी वर गेलो. काका बाजारात गेले होते. मढवीकाकू गुडघ्याला तेल चोळत बसल्या होत्या.

"काकू, काका रागावलेत का सायलीवर?"

"राग कसला," त्या म्हणाल्या. "दरवर्षी असंच करतात. पोर कॉलेजला लागलं की ह्यांचं जेवन कमी होतं. ह्या वेळेला जरा जास्त लागलं. तुमची पोरगी दोन महिने बसली ना त्यांच्या मागं."

काकांचा मुलगा निलेश कॅनडात असतो, एवढंच मला माहीत होतं. आम्ही या बिल्डिंगमध्ये येण्यापूर्वीच तो गेला होता. काकू त्या दिवशी त्याच्याबद्दल बोलल्या.

"निलेश लई हुशार. पहिल्याच यादीत, पाहिजे ते कॉलेज मिळालं. आपल्याच देशात, पन लांब, उत्तरेला डोंगरात. ह्यांनी सायझिंगमधून रजा काढली, नवी पँट शिवली, पोराबरोबर जायला. तर तो बोलला, पप्पा तुम्ही नका येऊ, माझे मित्र हायत, सगळं ऑनलाइन झालंय. वाईट न्हाय बोलला हां. चांगलंच बोलला, तुम्हाला तरास नको म्हनून. हे कल्यानला टेसनावर सोडून आले. रजा शिल्लक होती तरी दुसऱ्या दिवशी कामावर गेले."

काकूंनी तेलाची बाटली बंद केली.

"फोन करतो तो रविवारी. चांगला हाय. पन ह्यांच्या डोक्यात बसलंय, ज्याला मिळालं त्याला बाप लागत न्हाय. ज्याला न्हाय मिळालं, त्यालाच कायतरी लागतं."

मी खाली येऊन सायलीला हे सांगितलं. सकाळी गाडीत सामान भरत होतो, तेव्हा ती वर गेली. जिन्यातून तिचा आवाज येत नव्हता, काकांचा येत होता.

"मी कशाला? तुझे आई-बाप हायत की!... गाडीत जागा कुठं हाय?... मला दुपारी काम हाय!"

थोड्या वेळाने काका खाली आले. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट. माझ्याकडे न बघता मागच्या सीटवर बसले. जागा खरोखरच नव्हती, म्हणून सायलीची गुंडाळलेली गादी त्यांनी मांडीवर घेतली आणि वरून हनुवटी काढून बसले.

हॉस्टेलच्या खोलीत तीन पलंग होते. दोन मुली अजून यायच्या होत्या. मला वाटलं, आता काका नळ सोडून बघतील, दार लावून बघतील. त्यांनी काहीच केलं नाही. खिडकीजवळच्या पलंगावर गादी उलगडली, चादर घातली, तिचे कोपरे चारही बाजूंनी आत खोचले. मग तिच्यावर बसून बघितलं. उठले, भिंतीजवळच्या पलंगावर बसून बघितलं.

"खिडकीकडंच राहू दे," ते सायलीला म्हणाले. "दुपारी ऊन न्हाय येत."

"बरं," ती म्हणाली. तिने वाकून त्यांना नमस्कार केला. ते तिच्या डोक्यावर हात ठेवून तसेच उभे राहिले. स्मिताला सायलीचं कपाट लावून द्यायचं होतं, ती रात्री मैत्रिणीकडे राहून दुसऱ्या दिवशी येणार होती. मी आणि काका संध्याकाळी परत निघालो.

ते पुढच्या सीटवर बसले होते. खाडीचा पूल ओलांडून कशेळीला आलो आणि ट्रॅफिकमध्ये अडकलो. पुढे कंटेनर, मागे कंटेनर.

"सुहास," ते म्हणाले, आणि खरंच हळू बोलले. "निलेश चार वर्षं कुठल्या खोलीत राहिला, मला म्हाईत न्हाय. त्याचा पलंग खिडकीकडं व्हता का भिंतीकडं, ते पन म्हाईत न्हाय."

"विचारा ना," मी म्हणालो. "तिकडे आत्ता सकाळ असेल."

"आज रविवार न्हाय."

"मग काय झालं?"

त्यांनी फोन काढला, बराच वेळ हातात धरला आणि लावला. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून स्पीकर चालूच असतो.

"पप्पा? काय झालं? आई बरी आहे ना?"

"बरी हाय, बरी हाय. कामाला निघालास का?"

"निघतोय. काय झालं?"

"काय न्हाय. ते तुझं हॉस्टेल. कॉलेजातलं. तुझा पलंग कुठं व्हता रे? खिडकीकडं?"

पलीकडून निलेश हसला. "पप्पा, हे आज काय आठवलं तुम्हाला? दाराजवळ होता. शेवटी पोचलो ना मी, खिडकी दुसऱ्याने घेतली होती. काय थंडी यायची त्या दारातून! पहिल्या रात्री मी..." तो थांबला. "पहिल्या रात्री झोपच नाही आली. तुम्हाला फोन करणार होतो."

"मग केला का न्हाईस?"

"तुमची सकाळची शिफ्ट होती."

काकांनी चाचपडत स्पीकर बंद केला. फोन कानाला घट्ट लावला आणि दुसऱ्या कानावर हात ठेवला. पुढचा कंटेनर हलला होता, मागून हॉर्न वाजायला लागले.

"मला उठवायचं व्हतं रे," ते म्हणत होते. "हां... हां. मग? मग पांघरायला कोनी दिलं?"

मी गाडी डावीकडे एका बंद गोदामाच्या फाटकासमोर घेतली आणि इंजिन बंद केलं.